सारूप्य आणि अनुकरण : अहमदनगरच्या ख्रिस्ती अनुभवाच्या निमित्ताने

‘ख्रिस्तासारखे होणे’ हा शब्दप्रयोग मराठी ख्रिस्ती समाजाच्या प्रार्थनेत, प्रवचनात आणि कौटुंबिक उपासनेत इतका रुळलेला आहे की त्यातील ‘सारखे’ या पदाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र ते पद ओलांडून पुढे जाणे कठीण आहे. मम्मटाने उपमेचे लक्षण करताना ‘भेद असताना साधर्म्य’ अशी अट घातली. म्हणजे सारखेपणा सांगायचा तर वेगळेपण आधी मान्य करावे लागते. ते पुसले गेले की उपमा संपते आणि रूपक सुरू होते. आता भक्ताला हवे असते ते काय? उपमा की रूपक? ‘मी ख्रिस्तासारखा व्हावा’ असे म्हणणारा माणूस उपमेय आणि उपमान यांतले अंतर रोज थोडे थोडे कमी करीत जाण्याची प्रतिज्ञा करतो, आणि त्याच वेळी ते अंतर पूर्णपणे कधीही नाहीसे होणार नाही असेही मानतो. (व्यतिरेकाला येथे वाव नाही असे वाटेल, पण योहानाच्या शुभवर्तमानातला येशू आपल्या शिष्यांना ‘याहून मोठी कृत्ये कराल’ असे सांगतो, हे धर्मोपदेशक सहसा घाईने वाचतात.)

आपल्याकडे याच आकांक्षेला एक जुने नाव आहे. सलोकता, समीपता, सरूपता आणि सायुज्यता या चार मुक्तींपैकी तिसरी. पण सरूपता ही मुक्ती आहे, फळ आहे. ती देहान्ती किंवा साधनेच्या अंती मिळावयाची. ख्रिस्ती नीतिविचारात सारूप्य हे सकाळी उठल्यापासूनचे काम होऊन बसते. ते प्राप्तव्य आणि कर्तव्य दोन्ही आहे, आणि या विषयातल्या बहुतेक तात्त्विक अडचणी याच दुहेरीपणातून निघतात. प्रस्तुत लेखात त्यांपैकी काहींचा विचार करावयाचा आहे, आणि तो अहमदनगर जिल्ह्यातील (२०२४ पासून अहिल्यानगर) ख्रिस्ती लेखन आणि जीवन समोर ठेवून. मराठीत हा प्रश्न ज्या ठिकाणी खऱ्या अर्थाने जगला गेला, लिहिला गेला आणि ज्याची किंमत मोजली गेली, असे ते ठिकाण आहे.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, आपण ख्रिस्ताचे अनुकरण करतो तसे तुम्ही आपले अनुकरण करा, असा उपदेश आहे. मूळ ग्रीक शब्द ‘मिमेसिस’च्या कुळातला आहे, ज्या शब्दावर ॲरिस्टॉटलच्या काव्यविचाराची उभारणी झाली, तोच. पंधराव्या शतकातील थॉमस आ केंपिसच्या नावावर असलेल्या प्रसिद्ध लॅटिन ग्रंथाने ‘ख्रिस्ताचे अनुकरण’ हीच संज्ञा युरोपभर रूढ केली. म्हणजे काव्यशास्त्रात ज्या कल्पनेवर शतकानुशतके वाद झाला तीच नीतिशास्त्रात निर्वेधपणे वावरत राहिली. तिच्यावर जो आक्षेप आपल्या परंपरेत घेतला गेला तो येथे आणून पाहिला तर काय होते?

श्रीशंकुकाने रस हा अनुकरणरूप मानला आणि चित्रतुरगन्यायाने नटाविषयीच्या प्रतीतीचे वर्णन केले : चित्रातल्या घोड्याला आपण घोडा म्हणतो, ते ज्ञान सत्य नव्हे, मिथ्या नव्हे, संशय नव्हे आणि सादृश्यही नव्हे. अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांनी यावर जो हल्ला चढविला त्याचा गाभा साधा आहे. अनुकरण करावयाचे तर मूळ पाहिलेले असले पाहिजे. रामाला कोणत्या नटाने पाहिले आहे? रामाचा शोक हा रामाच्या अंतःकरणातला. नट आपले अश्रू, आपला कंप, आपला स्वर तेवढा दाखवू शकतो. मग तो अनुकरण कशाचे करतो? पुढे अभिनवगुप्त नाट्याला अनुकरण न म्हणता अनुकीर्तन म्हणणे पसंत करतो. आणि भरताच्या हास्यविषयक प्रतिपादनाचा आधार घेऊन असेही सुचविले जाते की दुसऱ्याच्या चेष्टांचे निव्वळ अनुकरण केले तर निष्पन्न होतो तो हास. हा शेवटचा मुद्दा वाचकाने लक्षात ठेवावा. पुढे लक्ष्मीबाईंकडे वळताना तो उपयोगी पडणार आहे.

ख्रिस्ताच्या बाबतीत भट्टतौतांचा प्रश्न अधिकच तीव्र होतो. पहिल्या शतकातल्या गालीलातील एका अविवाहित, फिरत्या, घरदार नसलेल्या गुरूचे अनुकरण नगरच्या बाजारपेठेतला दुकानदार, नेवाशाकडचा शेतमजूर किंवा शाळेची वेळ गाठण्यासाठी धावणारी शिक्षिका कसे करणार? तिचे प्रश्न त्याने सोडविलेले नाहीत. त्याला सासू नव्हती, हप्ते नव्हते, नातवंडे नव्हती. बाह्य कृतीचे अनुकरण अशक्य आणि अंतःकरण तर दिसतच नाही.

पाश्चात्त्य तत्त्वचिंतनातही ही अडचण जाणवलेली आहे. १७८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नीतितत्त्वज्ञानाच्या आपल्या पायाभूत ग्रंथात कांटने असे प्रतिपादिले की नैतिक व्यवहारात अनुकरणाला स्थानच नाही. उदाहरणे उत्तेजन देण्यापुरती. शुभवर्तमानातल्या पवित्र पुरुषालाही ‘पवित्र’ म्हणून ओळखण्यापूर्वी त्याची तुलना आपल्याजवळच्या नैतिक पूर्णत्वाच्या आदर्शाशी करावी लागते. युक्तिवाद बिनतोड दिसतो. पण त्यात एक गोष्ट गृहीत आहे : की तो आदर्श आपल्याजवळ आधीच तयार आहे. ज्यांनी एखाद्या व्यक्तीला भेटून, एखादे पुस्तक वाचून आपला आदर्शच बदललेला अनुभवला त्यांना कांटचे हे उत्तर अपुरे वाटेल. कीर्केगार्डने १८५० च्या ग्रंथात प्रश्न दुसऱ्या बाजूने मांडला. त्याच्या मते ख्रिस्ताला चाहत्यांची गरज नाही, अनुयायांची आहे. चाहता स्वतःला सुरक्षित ठेवून दुरून पाहतो. अनुयायी जे पाहतो ते होण्याचा प्रयत्न करतो. साहित्याच्या वाचकाला हे थोडे टोचणारे आहे, कारण आपण व्यवसायानेच चाहते.

लूकच्या शुभवर्तमानात एक छोटासा शब्द आहे. आपला वधस्तंभ उचलून मागे येण्याचा आदेश मार्क आणि मत्तय यांच्यातही आहे; पण ‘रोज’ हा शब्द फक्त लूक घालतो. हा शब्द आला की चित्र पालटते. वधस्तंभ ही एकदाच घडणारी घटना आहे. तो रोज उचलता येत नाही, कारण ज्याने तो उचलला त्याला दुसरा दिवस नसतो. लूकने हौतात्म्याच्या प्रतिमेला नित्यनेमाचा प्रत्यय जोडला आणि एका शोकात्म कृतीचे दैनंदिनीत रूपांतर केले. आपल्या वारकरी वाचकाला यात नवल वाटणार नाही. ज्यांनी ‘रोज’ हे अंग गाळले त्यांच्या हाती एक भव्य प्रसंग राहिला. ज्यांनी ते धरले त्यांच्या हाती कंटाळा, पुनरावृत्ती, चिडचिड आणि कधीमधी होणारी न कळणारी वाढ आली.

न कळणारी, हे विशेषण मी मुद्दाम योजतो. मार्कच्या शुभवर्तमानात, आणि केवळ त्याच्यातच, बी आपोआप वाढण्याचा एक दृष्टान्त आहे : पेरणारा निजतो, उठतो, आणि बी कसे वाढते हे त्याला ठाऊक नसते. काळ्या रानात रब्बीची ज्वारी पेरून थंडीच्या दवावर भरवसा ठेवणाऱ्या नगरी शेतकऱ्याला या दृष्टान्ताचे भाष्य लागत नाही. धर्मसाधकाला मात्र तो अवघड जातो. आपण ख्रिस्तासारखे किती झालो हे मोजू लागलेला माणूस त्या क्षणी ख्रिस्तासारखा राहत नाही, कारण ज्या नम्रतेचे माप घ्यावयाचे ती मापताक्षणी आटते. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात ज्यांनी भुकेल्याला अन्न दिले त्यांना आपण ते कोणाला दिले हे माहीतच नसते. ते चकित होऊन विचारतात, ‘कधी?’ या दृष्टीने पाहता ‘आध्यात्मिक प्रगती’ ही संकल्पना आतूनच विसंगत ठरते की काय, असा प्रश्न उभा राहतो. जी प्रगती फक्त दुसऱ्यालाच दिसू शकते, तिचे आत्मचरित्र कसे लिहावयाचे?

आता नगरकडे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ च्या अखेरीस येथे ठाणे घातले. ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये येथूनच सुरू झाला. सिंथिया फरार यांची मुलींची शाळा येथली; सावित्रीबाई फुले यांच्या अध्यापन-प्रशिक्षणाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. हा इतिहास अभ्यासकांना परिचित आहे, म्हणून त्यात रेंगाळत नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की ही मंडळी न्यू इंग्लंडच्या प्यूरिटन परंपरेतून आलेली होती. जोनाथन एडवर्ड्सने १७४९ मध्ये प्रसिद्ध केलेले डेव्हिड ब्रेनर्डचे रोजनिशीवर आधारलेले चरित्र हे त्यांच्या पिढ्यान् पिढ्यांचे वाचन. आत्मपरीक्षणाची वही, पापाची कबुली, कृपेची नोंद : अंतःकरणाचा हिशेब ठेवण्याची ही पद्धत त्यांनी आपल्याबरोबर आणली. मराठी ख्रिस्ती गद्याच्या आरंभीच्या नमुन्यांवर तिची छाया आहे. १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ पाहिले तर निवेदनाचा सगळा ओढा एका बिंदूकडे असलेला दिसतो. शीर्षकच सांगते : सूर्य उगवला की कथा संपली. पण दिवस तर पुढेच असतो. धर्मांतरकथेचा हा रचनाबंध ‘रोज’ला जागा देत नाही.

नारायण वामन टिळकांचे (१८६१–१९१९) जीवन या रचनाबंधात बसविण्याचे पुष्कळ प्रयत्न झाले आहेत. आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेला नवा करार, गिरिप्रवचनाने लागलेली ओढ, १० फेब्रुवारी १८९५ चा मुंबईतील बाप्तिस्मा. कथा सुबक आहे. पण खरे टिळक त्यानंतरचे. नगरच्या ईश्वरविज्ञान विद्यालयातले अध्यापन, १९०४ मधील दीक्षा, १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन, आणि या सगळ्यांतून वाढत गेलेली अस्वस्थता. ख्रिस्ताकडे आपण तुकारामाच्या पुलावरून आलो अशी त्यांची स्वतःविषयीची धारणा होती. पूल ओलांडून झाल्यावर माणसे सहसा पूल विसरतात. टिळक जसजसे वयाने वाढले तसतसे त्या पुलाकडे परतत गेले असे त्यांची अभंगरचना सांगते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त यावेत अशी कल्पना होती. वेतनाचा त्याग, संन्यस्त वृत्ती, भेदाची भिंत पाडणे : ख्रिस्ताचे अनुकरण म्हणून हे अगदी ओळखू येण्यासारखे आहे. किंबहुना थोडे जास्तच ओळखू येण्यासारखे आहे.

आणि येथे लक्ष्मीबाई येतात. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाली. मराठी गद्यातील तिचे स्थान नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. समीक्षकांनी तिची विनोदबुद्धी, प्रांजळपणा, घरगुती बोलीचा डौल यांची भरपूर वाखाणणी केली आहे. पण हा विनोद कोणत्या ज्ञानव्यवहाराचा भाग आहे, हे क्वचितच विचारले गेले. टिळकांचा ध्येयवाद, त्यांचा राग, हातातला पैसा कोणालाही देऊन मोकळे होण्याची वृत्ती, घरात केव्हाही कोणालाही घेऊन येण्याची सवय : या साऱ्यांकडे लक्ष्मीबाई ज्या नजरेने पाहतात ती आदरशून्य नाही, पण चाहत्याचीही नाही. संताच्या घरी चूल पेटवावी लागते हे त्यांना ठाऊक आहे. भरताने निव्वळ अनुकरणातून हास निर्माण होतो असे म्हटले त्याचा येथे प्रत्यय येतो. ध्येयाचे अनुकरण जेव्हा ध्येयाच्या मुद्रांचे अनुकरण होऊ लागते तेव्हा हसू फुटते, आणि ते हसू हीच नैतिक दुरुस्ती असते. प्यूरिटन वहीत अश्रू आहेत, कबुली आहे, पण हसू नाही. ‘स्मृतिचित्रे’त कबुली आहे आणि तिला लागूनच हसू आहे, त्यामुळे कबुलीचा अहंकार होत नाही.

याच पुस्तकात मराठीतील आध्यात्मिक वाढीचे सर्वांत विश्वसनीय वर्णन आहे असे माझे मत आहे, आणि ते वर्णन वाढीचे आहे असा दावा त्यात कोठेही नाही. लक्ष्मीबाईंचे बालपण सोवळ्याच्या वेडाने झपाटलेल्या वडिलांच्या घरी गेले. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेण्यापर्यंत त्या वेडाची मजल होती. पतीने धर्म बदलला. मध्ये वियोगाची वर्षे गेली. मग त्या नगरला पतीकडे परतल्या, पण सोवळे-ओवळे पाळतच. धर्मोपदेशाने त्यांचे मत पालटले नाही. वादविवादात तर टिळकांसारख्या वक्त्याच्या त्या तोडीस तोड होत्या. एके दिवशी, आपल्याशीच विचार करता करता, हे जातीभेद देवाने केले की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि उत्तर मिळताच कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचे ठरविले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० चा. हा क्रम महत्त्वाचा आहे. ख्रिस्ताचे नाव घेण्यापूर्वी त्यांनी ख्रिस्ताचे काम केले. विहिरीवर शोमरोनी बाईकडे पाणी मागणाऱ्याचे. पण त्या तो प्रसंग समोर ठेवून त्याची नक्कल करीत नव्हत्या. भट्टतौतांच्या आक्षेपाला येथे जागाच उरत नाही, कारण येथे अनुकरण नाही. मूळ आणि प्रत यांच्यातला संबंध प्रत तयार झाल्यावर लक्षात येतो.

कांटने हे पाहिले असते तर तो संतुष्ट झाला असता : विवेकाने निवाडा केला, उदाहरणाने नव्हे. पण तेवढ्याने भागत नाही. निवाडा एका क्षणाचा, तर अंगवळणी पडलेली शिसारी अनेक वर्षांची. हाताला, जिभेला, नाकाला नवे वळण लावणे हे विवेकाचे काम नाही. ते ‘रोज’चे काम आहे. नगरमधील प्लेगच्या काळात रुग्णांची शुश्रूषा, कोणाकोणाची पोरे आपल्या घरात वाढविणे, बालकवी ठोंबऱ्यांसारख्या हळव्या तरुणाला घरातले स्थान देणे : देहाचे हे शिक्षण कोठे सुरू झाले आणि कोठे संपले ते लेखिका सांगत नाही. ती चित्रे देते. चित्रतुरगाप्रमाणेच, ही घोडी खरी की खोटी असे विचारण्याचा मोह होत नाही.

येथपर्यंतचा विचार मात्र एका ब्राह्मण घराभोवती फिरला आहे, आणि नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजाचे बहुसंख्य लोक त्या घरातले नाहीत. ते महार आणि मांग समाजातून आले. वडाळ्याच्या, राहुरीच्या, शेवगाव-नेवासे भागातल्या खेड्यांतून, आणि पुष्कळदा १८७६ च्या किंवा शतकाच्या अखेरच्या दुष्काळांच्या धगीत. त्यांच्या श्रद्धेवर ‘पोटासाठी’ असा शिक्का मारण्यात बाहेरचे आणि आतले दोघेही पुढे होते. (भुकेल्याला खाऊ घालणे हे ख्रिस्ताचे काम असेल, तर ते खाऊन ख्रिस्ताकडे वळणे हा अपराध कसा, हे या शिक्केवाल्यांनी कधी सांगितले नाही.) या लोकांच्या संदर्भात ‘ख्रिस्तासारखे व्हा’ हे वाक्य काय अर्थ धारण करते?

फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले असे वर्णन आहे, आणि तीच वृत्ती अंगी बाणवावी असा उपदेश आहे. सारूप्याचा ख्रिस्ती आशय बव्हंशी याच रिक्ततेच्या प्रतिमेवर उभा आहे. टिळकांनी वेतन सोडले, लक्ष्मीबाईंनी सोवळे सोडले : दोघांनीही काही सोडले, कारण सोडण्याजोगे काही होते. पण ज्याला गावाने आधीच रिक्त करून ठेवले आहे, दासाचे रूप ज्याला जन्मतः चिकटवले आहे, त्याला ‘रिक्त हो, दास हो’ असे सांगणे म्हणजे काय? उपदेश शब्दशः तोच, परंतु बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या स्थानामुळे त्याचा अर्थ उलटा होतो. उच्चवर्णीयाला जे परिवर्तन, ते दलिताला जैसे थे. नम्रता हा सद्गुण ज्याच्यावर लादलेला आहे त्याच्या ठिकाणी तो सद्गुणच नव्हे. सद्गुणाला निवड लागते.

डॉ. आंबेडकरांनी धर्मांतरित ख्रिस्त्यांच्या स्थितीची चिकित्सा करताना नेमके या जागी बोट ठेवले आहे. आपल्या दुःखाचे मूळ अन्याय्य समाजरचनेत नसून आपल्या पापात आहे असे शिकविले गेल्यामुळे धर्मांतरिताची नजर परिस्थितीकडे न वळता स्वतःकडे वळते, असा त्यांच्या टीकेचा आशय आहे. मागे आलेली आत्मपरीक्षणाची वही या प्रकाशात पाहावी. ज्या खेडूत ख्रिस्त्याला गावच्या विहिरीवर पाणी भरू दिले जात नाही, त्याने संध्याकाळी आपल्या अंतःकरणातील राग हे पाप म्हणून नोंदवावे? त्या रागाचे नाव कदाचित वेगळे असेल. मंदिरातल्या सराफांची चौरंग उलथविणारा ख्रिस्त अनुकरणाच्या यादीत सहसा का येत नाही, याचे कारण ईश्वरविज्ञानात शोधण्यापेक्षा उपदेशकाच्या सामाजिक स्थानात शोधणे सोपे जाते.

अरविंद निर्मळ यांनी १९८० च्या दशकात दलित ईश्वरविज्ञानाची मांडणी करताना ख्रिस्ताचे दलितत्व हा केंद्रबिंदू मानला. या मांडणीत सारूप्याची दिशाच पालटते. दलिताने ख्रिस्तासारखे होण्यापूर्वी ख्रिस्त दलितासारखा झालेला आहे. थुंकी, अवहेलना, वेशीबाहेरचे मरण हे त्याचे आणि यांचे समान. काव्यशास्त्राच्या भाषेत येथे उपमान आणि उपमेय यांची अदलाबदल होते. प्रतीप अलंकार म्हणावा तसे. मला ही मांडणी आवश्यक वाटते, पण पुरेशी वाटत नाही. दुःखाचे साम्य हे आधीच घडलेले साम्य आहे. त्यात वाढीला जागा कोठे? ज्याने भोगले तो भोगण्यामुळेच ख्रिस्तरूप झाला असे म्हटले तर त्याने यापुढे काय करावे हे सांगता येत नाही, आणि भोगणे थांबावे असे तरी कोणत्या तोंडाने म्हणावयाचे? पीडिताला पूज्य करून त्याला आहे तेथेच ठेवण्याचा धोका येथेही आहे. बहुधा रिक्ततेच्या सूक्ताचा उत्तरार्ध, जेथे खाली उतरलेल्याला उंचावले जाते, तो या समाजासाठी पूर्वार्ध मानावा लागेल. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत मिशनच्या शाळेत शिकून मास्तर झालेला माणूस, दारोदार जाऊन शुभवर्तमान वाचून दाखविणारी बायबल-बाई : त्यांची साधना ताठ उभे राहण्याची होती, आणि गावाला तोच त्यांचा उद्धटपणा वाटत असे. उठून उभे राहणे हेही ख्रिस्तासारखे होणे आहे, हे पुनरुत्थानाचा सण साजरा करणाऱ्या धर्माला अवघड वाटू नये.

सारूप्याचे एक जुने भारतीय उदाहरण येथे आठवते : कीटक-भ्रमर न्याय. भृंगाने आपल्या घरट्यात कोंडलेला कीटक भयाने त्याचेच ध्यान करीत शेवटी भृंग होतो, अशी समजूत. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या गुरूंमध्ये तो कीटक आहे, आणि म्हणून एकनाथी भागवतातही. दृष्टान्त मनोहर आहे. फक्त कीटकशास्त्र वेगळे सांगते. कीटक भृंग होत नाही. भृंगीने त्याच्याजवळ अंडे घातलेले असते, त्यातून निघालेली अळी त्या कीटकाला खाऊन वाढते, आणि बाहेर पडतो तो दुसराच जीव. धर्मांतराच्या इतिहासाकडे पाहताना हा प्रश्न टाळता येत नाही : रूपान्तर झाले की भक्षण? मराठी ख्रिस्ती माणसाची भाषा, नावे, गाणी, सण यांचे मिशनच्या छायेत जे झाले त्याला कोणता शब्द लावावा? टिळकांच्या उत्तरायुष्यातली तगमग या प्रश्नाची होती. ख्रिस्तासारखे होणे आणि अमेरिकन मिशनऱ्यासारखे होणे यांतला भेद त्यांना आतून कळला होता. म्हणून तुकारामाच्या पुलाकडे ते परतणे.

नगरच्या ख्रिस्ती समाजाने यावर एक उत्तर टिळकांच्याही आधी शोधले होते, आणि ते सिद्धान्ताच्या रूपात नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. हरिदासाची पद्धती, पूर्वरंग-उत्तररंग, टाळ-मृदंग आणि मध्ये येशूचे आख्यान. अभिनवगुप्ताचा ‘अनुकीर्तन’ हा शब्द येथे अनपेक्षितपणे अर्थवाही होतो. कीर्तनकार येशूचे सोंग घेत नाही. तो त्याची कथा आपल्या भाषेत, आपल्या गळ्यातून, आपल्या लोकांसमोर पुन्हा सांगतो. सांगता सांगता ती सांगणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची होते. मूळ पाहिलेले असण्याची अट येथे लागू होत नाही, कारण कीर्तनाला मुळाची प्रत काढावयाची नसते. ऐकून घरी जाणारा माणूस उद्या काय करील हे कीर्तनकाराला ठाऊक नसते. मार्कच्या पेरणाऱ्याला नसते, तितकेच.

टिळकांनी येशूचे चरित्र ओवीत सांगण्यासाठी ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले होते. फादर स्टीफन्सच्या १६१६ च्या ‘ख्रिस्तपुराणा’नंतर मराठीत असा मोठा प्रयत्न विरळाच. ते त्यांच्या हातून पुरे झाले नाही. पतीच्या मागे लक्ष्मीबाईंनी ते पुढे चालविले. घरीच जेमतेम अक्षरओळख झालेल्या, आयुष्यभर घरकाम करीत आलेल्या बाईने उरलेले बहुतेक अध्याय लिहिले. १९३६ मध्ये त्या वारल्या तेव्हाही काम किंचित राहिलेच होते, आणि अखेरचा हात त्यांच्या मुलाने, देवदत्तांनी फिरविला. एकाच येशूचे चरित्र, तीन हातांचे. आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या भागाला, टिळकांच्या शैलीची नक्कल करण्याचा प्रयत्न नसलेल्या त्या अध्यायांना, आजही टिळकांच्या नावापुढेच उभे करून वाचले जाते.